बाळसे आणि बळ

लठ्ठपणाविषयी मराठीत दोन भाषा आहेत. एक पोरांची आणि दुसरी वडीलधाऱ्यांची. पोरांच्या भाषेत 'ढब्ब्या', 'गोलू', 'भोपळ्या' असले चिडवण्याचे शब्द आहेत. वडीलधाऱ्यांच्या भाषेत मात्र बहुतेक कौतुकच. तान्हे मूल भरले की त्याने 'बाळसे धरले'. मुलगा रुंद झाला की तो 'अंगाने भरला'. आणि प्रौढपणी पोट पुढे आले की गृहस्थ 'खात्यापित्या घरचा' दिसू लागला. एकाच मुलाने शाळेत पहिली भाषा ऐकावी आणि घरी येऊन दुसरी, असे पुष्कळदा घडते. त्या दोहोंच्या मध्ये सापडलेल्या मुलाचे काय होते, याचा विचार आम्ही कधी केला नव्हता. तो करण्याची पाळी आमच्याच घरी आली, तेव्हा हा लेख सुचला.

आम्ही केंद्र सरकारच्या सेवेतील कारकून. बदलीच्या फेऱ्यात बेंगळुरास आलो आणि एच.एस.आर. लेआउटमध्ये तिसऱ्या मजल्यावर बिऱ्हाड केले. होसूर आणि सर्जापूर या दोन रस्त्यांची नावे जोडून या वसाहतीचे नाव झाले आहे. सेक्टरवार आखलेले रस्ते, ठिकठिकाणी बागा, एका अंगाला आगरा तळे, आणि सत्ताविसाव्या मेन रोडवर एकास एक लागून खाद्यगृहे. रात्री दहा वाजता खिडकीतून पाहिले तर पाठीवर चौकोनी पेट्या घेतलेले दुचाकीस्वार घरोघर अन्न पोचवताना दिसतात. भूक लागण्याच्या आधीच अन्न दारात यावे, अशी ही व्यवस्था आहे. गेल्या वर्षी शाळेतील तपासणीवरून आमच्या चिरंजीवांना डॉक्टरांकडे नेले. वय चौदाव्यात, उंची १५८ सेंटिमीटर, वजन ७१ किलो, कमरेचा घेर ९१ सेंटिमीटर. उपाशीपोटी रक्तातील साखर १०४ निघाली आणि ट्रायग्लिसराइड्स १७८. डॉक्टरांनी कागद आमच्यापुढे सरकवला आणि म्हटले, "हा अजून रोग नाही, पण रोगाचा पत्ता याच रस्त्यावर आहे."

त्या दिवसांत आमच्या मातोश्री गावाहून आल्या होत्या. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि एवढेच म्हणाल्या, "लेकराला दृष्ट लावू नका. चांगलं बाळसं आहे त्याला." त्यांचे हे म्हणणे अडाणीपणाचे म्हणून सोडून देण्याजोगे नव्हते. त्याच्या मागे एक मोठा इतिहास आहे, आणि तो समजून घेतल्यावाचून पुढे जाता येणार नाही.

मातोश्रींचे माहेर आटपाडीचे. १९७२ च्या दुष्काळात त्या चौदा वर्षांच्या होत्या. म्हणजे आज आमच्या चिरंजीवांचे जे वय, तेच त्यांचे त्या वेळी होते. खडी फोडण्याच्या कामावर त्या आईबरोबर जात. तेथे मिळणारी सुकडी आणि रेशनवरचा लाल मिलो यांची चव त्यांना अजून आठवते. महाराष्ट्राच्या पठारावर अशी आठवण प्रत्येक पिढीला होती. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळाने दख्खन उजाड केले, आणि आज आम्ही ज्या मुलखात राहतो त्या म्हैसूर प्रांताची तर जवळजवळ पाचवा हिस्सा वस्ती त्याने नाहीशी केली. पुढे वीसेक वर्षांतच १८९६ आणि १८९९ चे दुष्काळ आले. ज्या समाजाने इतक्या वेळा मुलांच्या बरगड्या मोजल्या, त्याला गुबगुबीत मूल हे संकटातून वाचल्याची खूण वाटावी, यात नवल नाही. बाळसे म्हणजे अंगावर साठवलेले धान्य. ते वाईट असू शकते, ही कल्पनाच त्या काळाला परवडणारी नव्हती.

तथापि आपल्या प्राचीन वैद्यांना ती कल्पना होती, हेही सांगितले पाहिजे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात निंद्य शरीरांचे आठ प्रकार सांगितले आहेत. त्यांत अतिस्थूल आणि अतिकृश हे दोन विशेष विचारात घेतले असून, त्या दोहोंत कृशपणाच बरा असा निर्वाळा दिला आहे. स्थूल माणसाची भूक अधिक प्रखर असते आणि म्हणून तो आणखी खातो, हे दुष्टचक्रही चरकाने ओळखले होते. सुश्रुताने प्रमेहाचे दोन वर्ग केले: एक जन्मजात, ज्यात रोगी कृश असतो, दुसरा अपथ्यातून आलेला, ज्यात तो स्थूल असतो. पहिल्याचे पोषण करावे आणि दुसऱ्याचे कर्षण, असा त्याचा उपदेश. निर्धन रोग्यासाठी सांगितलेला उपाय तर मोठा मार्मिक आहे. त्याने पादत्राण आणि छत्री यांवाचून, भिक्षा मागत, एका गावी एकाच रात्रीहून अधिक न राहता शंभर योजने चालावे, किंवा विहीर खणावी. थोडे अन्न आणि पुष्कळ श्रम हाच या औषधाचा पाठ होय. औषधाची किंमत शून्य, आणि ते घेणे मात्र अत्यंत कठीण.

हा विचार ग्रंथांत राहिला. समाजात जी परंपरा वाढली ती तालमीची, आणि तालमीचे दैवत बळ होते. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी मल्लखांबाला नवे जीवन दिले. कोल्हापुरास शाहू महाराजांनी १९१२ साली खासबागेचे कुस्ती मैदान उभारले आणि मल्लांना राजाश्रय दिला. आखाड्याचा खुराक प्रसिद्धच आहे: दूध, तूप, बदाम, थंडाई. परंतु तो खुराक हजार-हजार जोर आणि बैठका मारणाऱ्यांचा होता. आखाडा सुटला आणि खुराक राहिला की तोच मल्ल दोनचार वर्षांत पसरतो, हे गावोगावी लोकांनी पाहिले आहे. आपल्या घरांतही थोडेफार तेच झाले आहे. आजोबांच्या ताटातले तूप नातवाच्या ताटात आले. आजोबांच्या पायांखालची पाच मैलांची वाट मात्र आली नाही.

किशोरवयात आहार आणि व्यायाम यांनी शरीर पालटण्याचा आपल्याकडील सर्वांत परिचित दाखला लोकमान्यांचा. १८७२ साली मॅट्रिक होऊन बाळ गंगाधर टिळक डेक्कन कॉलेजात गेले तेव्हा त्यांची प्रकृती नाजूक होती. पहिले वर्ष त्यांनी शरीर कमावण्यात घालविले. कुस्ती, पोहणे आणि नेमका आहार यांपुढे त्यांनी अभ्यास बाजूला ठेवला आणि परीक्षेतील अपयशही पत्करले. पुढे मंडालेचा तुरुंगवास त्या शरीराने सोसला, असे आपण अभिमानाने सांगतो. मात्र कोणता आईबाप आज सोळा वर्षांच्या मुलाला एक वर्ष असे देईल, हा प्रश्न आपण स्वतःला विचारीत नाही. आम्हीही विचारला नसता.

टिळकांचे उदाहरण एका व्यक्तीचे. तेच काम संपूर्ण संस्थानातील मुलांसाठी करण्याचे श्रेय औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांना जाते. त्यांचा प्रवास उद्बोधक आहे. १८९७ च्या सुमारास त्यांनी युरोपातील प्रसिद्ध बलवान सँडो याची साधने मागवली आणि सुमारे दहा वर्षे त्या पद्धतीने व्यायाम केला. नंतर ते सूर्यनमस्कारांकडे वळले आणि जन्मभर त्यांचे प्रचारक झाले. संस्थानच्या शाळांत नमस्कार हा नित्याचा पाठ झाला. मुलांबरोबर मुलींनीही ते घालावेत, असा त्यांचा आग्रह होता. १९३८ साली लुईझ मॉर्गन या बाईंनी त्यांचे विचार इंग्रजीत संपादून विलायतेत प्रसिद्ध केले. नमस्काराची साधी मांडणी अशी: साधन नको, मैदान नको, सोबती नको, माणसाच्या लांबीएवढी जागा आणि नेम, एवढे पुरे. मातोश्रींचे वडील आटपाडीस याच संस्थानच्या शाळेत शिकले. त्यांचे नमस्कार सत्तरीपर्यंत चुकले नाहीत, असे त्या सांगतात.

आम्ही ज्या शहरात राहतो त्याचाही या कथेत वाटा आहे. बेंगळूर हे १६३८ नंतर शहाजीराजांच्या जहागिरीचे ठाणे होते, हे परप्रांतातील मराठी माणूस येथे आल्याबरोबर सांगू लागतो. पण नमस्काराचा धागा त्याहून जवळचा आहे. बेंगळुरात के. व्ही. अय्यर या गृहस्थांनी व्यायामशाळा चालवली, टपालाने व्यायामाचे धडे दिले, आणि १९३७ साली सूर्यनमस्कारावर इंग्रजीत पुस्तक लिहिले. हेच अय्यर कन्नड वाचकांना 'शांतला' या कादंबरीचे लेखक म्हणून ठाऊक आहेत. जुन्या बेंगळुरात 'गरडी मने' नावाच्या तालमीही होत्या. म्हणजे बाहूंचे वळण घडवण्याची हौस तुंगभद्रेच्या दोन्ही तीरांवर सारखीच होती.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात महाराष्ट्रात व्यायामाच्या संस्थांचे जाळे विणले गेले. अमरावतीस १९१४ साली वैद्य बंधूंनी हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ काढले. त्याच्या चमूने १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी देशी खेळांची प्रात्यक्षिके करून दाखवली. लोणावळ्यास १९२४ साली स्वामी कुवलयानंदांनी कैवल्यधाम स्थापन केले आणि योगाची परीक्षा प्रयोगशाळेत घेण्यास आरंभ केला. त्याच साली पुण्यास महाराष्ट्रीय मंडळ निघाले. मुंबई इलाख्यात १९३८ साली कांदिवलीस शारीरिक शिक्षणाच्या शिक्षकांसाठी संस्था उघडली. आमच्यासारख्या केंद्र सरकारच्या नोकरांस आणखी एक नाव स्मरले पाहिजे. आझाद हिंद सेनेचे सेनानी जगन्नाथराव भोसले स्वातंत्र्यानंतर पुनर्वसन खात्याचे उपमंत्री झाले. फाळणीत घरे गमावलेल्या मुलांना ताठ उभे करावे म्हणून त्यांनी १९५४ साली दिल्लीत राष्ट्रीय शिस्त योजना सुरू केली. पुढे ती कवायतीसह देशभरच्या शाळांत गेली.

या सर्व चळवळींत एक गोष्ट समान होती. त्यांच्यापुढचा मुलगा दुबळा होता. कोणास तो परकीय सत्तेपुढे वाकलेला दिसला, कोणास दारिद्र्याने खचलेला, कोणास निर्वासितांच्या छावणीत हरवलेला. त्याला खाऊ घालावे, छाती भरावी, मान ताठ करावी, हा सर्वांचा हेतू. मुलाच्या अंगावर चरबी अधिक होईल आणि तोच त्याचा रोग होईल, अशी शंका त्या पिढीला आली नाही. त्यांना दोष देण्याचे कारण नाही. त्यांच्या काळाचा तो प्रश्नच नव्हता.

प्रश्न बदलला आहे हे प्रथम ज्यांनी मोजून दाखवले, त्यांत पुण्याचेच संशोधक अग्रभागी आहेत. राष्ट्रीय कीर्तीचे मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी के.ई.एम. रुग्णालयामार्फत १९९३ साली पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गर्भवती स्त्रियांचा अभ्यास आरंभिला. त्यांची अर्भके सरासरी २.७ किलोची, तर इंग्लंडातील साउदॅम्प्टनची ३.५ किलोची. आमची मुले हातापायांनी आणि स्नायूंनी स्पष्टपणे लहान होती. पण पाठीवरच्या त्वचेखालील चरबी जवळजवळ इंग्रज मुलांइतकीच होती. दिसायला कृश आणि आतून स्थूल, अशा या बाळांचा वृत्तांत २००३ साली प्रसिद्ध झाला. पुढच्याच वर्षी डॉ. याज्ञिक आणि लंडनचे डॉ. यडकिन या मित्रांनी 'लॅन्सेट' नियतकालिकात आपलेच एक छायाचित्र छापले. उंचीच्या मानाने वजनाचा जो अंक काढतात तो दोघांचा सारखाच, २२.३ होता. शरीरातील चरबी मात्र यडकिन यांची शेकडा ९.१ आणि याज्ञिक यांची शेकडा २१.२. एवढ्या एका चित्राने अनेक पुस्तकांचे काम केले.

त्या खेड्यांतील मुलांचा पाठपुरावा संशोधकांनी सोडला नाही. अठराव्या वर्षी तपासले तेव्हा सुमारे शेकडा ३७ तरुणांत आणि शेकडा १८ तरुणींत साखरेचे प्रमाण मर्यादेबाहेर आढळले, आणि ही मुले बहुतांशी सडपातळ होती. यावरून दोन गोष्टी ठरतात. पहिली, भारतीय मुलाच्या बाबतीत तराजूवर भरवसा ठेवू नये; कमरेची फीत अधिक खरे बोलते. दुसरी, बारीक मुलाचीच जर ही स्थिती, तर ज्याच्या कमरेवर खरोखरीच चरबी चढली आहे त्याच्या बाबतीत उशीर परवडणारा नाही. म्हणूनच भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१५ साली वाढीचे नवे तक्ते काढले, तेव्हा अधिक वजनाची रेषा प्रौढांच्या २३ या अंकाशी आणि लठ्ठपणाची रेषा २७ शी जुळवली. पाश्चात्त्यांच्या २५ आणि ३० शी नव्हे. त्या कामाचे नेतृत्वही पुण्याच्या डॉ. वामन खाडिलकरांकडे होते.

डॉक्टरांच्या कागदावर 'मेटाबॉलिक' हा शब्द होता. अन्नाचे शरीरात जे पचन, साठवण आणि ज्वलन होते, त्या सर्व व्यवहाराला तो लागतो. कारकुनी भाषेत सांगायचे तर हा शरीराचा जमाखर्च. इन्सुलिन हा त्यातला कोठावळा. जेवणानंतर रक्तात आलेली साखर तो स्नायूंच्या कोठारात पोचवतो. कोठारे भरलेली, यकृतात आणि आतड्यांभोवती चरबी साचलेली, अशा स्थितीत त्याचा हुकूम कोणी मानीत नाही. मग तो अधिक हुकूम काढतो, आणि अखेर थकतो. वयात येताना इन्सुलिनचा प्रभाव स्वाभाविकपणेच काही काळ मंदावतो; निरोगी मुलात तो पुन्हा सावरतो, लठ्ठ मुलात पुरता सावरत नाही. म्हणून बारा ते सोळा ही वर्षे नाजूक. आंतरराष्ट्रीय मधुमेह संघटनेने २००७ साली दहा ते सोळा वर्षांच्या मुलांसाठी लक्षणे ठरवली आहेत. कमरेचा घेर वयाच्या मानाने फार आणि त्यासोबत पुढीलपैकी कोणतीही दोन: ट्रायग्लिसराइड्स १५० वा अधिक, हितकर कोलेस्टेरॉल ४० हून कमी, रक्तदाब १३० किंवा ८५ च्या वर, उपाशीपोटी साखर १०० वा अधिक. आमच्या चिरंजीवांच्या नावापुढे कमर आणि त्यासोबत दोन अशा तिन्ही खुणा होत्या.

येथे व्यायामाचे मर्म आहे. स्नायू काम करू लागला की इन्सुलिनच्या हुकमाची वाट न पाहता तो रक्तातली साखर स्वतः उचलतो. म्हणजे वजनाचा काटा न हलताही जमाखर्च सुधारू लागतो. चेन्नईत डॉ. रामचंद्रन यांनी मधुमेहाच्या उंबरठ्यावरील प्रौढांना आहार आणि चालणे यांचा नेम घालून दिला. २००६ साली निष्कर्ष निघाला तो असा, की मधुमेहाचा धोका शेकडा सुमारे २८ ने घटला, आणि त्यांचे वजन मात्र फारसे उतरले नव्हते. उलट रोग जडल्यावर केवढे कठीण होते, हे अमेरिकेतील एका मोठ्या अभ्यासाने दाखवले. दहा ते सतरा वर्षांच्या ६९९ मधुमेही मुलांत नुसत्या मेटफॉर्मिनच्या गोळीने जवळजवळ निम्म्यांत काम भागले नाही, आणि गोळीला आहार-व्यायामाची जोड दिल्यानेही लक्षणीय फरक पडला नाही. तो निकाल २०१२ चा. दोन्ही निकाल शेजारी ठेवले की अर्थ स्पष्ट होतो: उंबरठ्यावर पाऊल मागे घेता येते, आत गेल्यावर वाट अरुंद होते. आपल्या देशात २०१६ ते २०१८ या काळात झालेल्या राष्ट्रीय पोषण पाहणीत किशोरवयीनांपैकी सुमारे दहांत एक या उंबरठ्यावर आढळला.

सरकारी यंत्रणा अगदीच स्वस्थ बसलेली नाही. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या नियमांनी शाळेच्या आवारात आणि भोवतालच्या पन्नास मीटरांत अतिसाखरेचे, अतिमिठाचे, अतिस्निग्ध पदार्थ विकण्यास मनाई केली. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने २०२५ साली आपल्या शाळांना 'साखरफलक' लावण्यास सांगितले, ज्यावर कोणत्या पेयात किती साखर हे मुलांना वाचता येईल. जागतिक आरोग्य संघटना पाच ते सतरा वर्षांच्या मुलांना रोज सरासरी साठ मिनिटे दमदार हालचाल सांगते. परंतु नियम पन्नास मीटरांपर्यंत चालतो. एकावन्नाव्या मीटरला आईबापांची हद्द सुरू होते.

आमच्या हद्दीत काय झाले ते थोडक्यात सांगतो. डॉक्टरांनी दोन गोष्टी बजावल्या होत्या. वाढीच्या वयात उपासमार नको. उंची वाढते आहे, तेव्हा वजन जागच्या जागी राहिले तरी पुरे. आणि मुलाला एकट्याला वेगळे ताट वाढू नका. त्यांनी आमचेही रक्त तपासून घेण्यास सांगितले. आमची साखर चिरंजीवांहून अधिक निघाली. दुसऱ्याचे खाते तपासायला निघालो आणि शेरा आमच्याच दप्तरावर पडला.

मग सौ.ने घरातून बाटलीबंद पेये हद्दपार केली, सर्वांसाठी. दुसऱ्या वाढीच्या भाताची जागा उसळीने घेतली. रात्री ज्वारीची भाकरी, कधी येथल्या पद्धतीने नाचणीचे मुद्दे. दूध बिनसाखरेचे, शाळेच्या डब्यात अंडे किंवा भाजलेले शेंगदाणे. दूरचित्र आणि फोन रात्री दहाला बंद, कारण या वयाला आठ ते दहा तास झोप लागते आणि जागरणाने भूक वाढते. आमच्या लाडक्या चहातली साखरही गेली. ते दुःख येथे वाढवून सांगत नाही.

व्यायामाचा प्रश्न अवघड होता. शाळेच्या खेळाच्या तासाला चिरंजीव पोटात दुखते म्हणून वर्गात बसत, हे आम्हाला फार उशिरा कळले. कारण विचारता त्याने एवढेच सांगितले, "बाबा, मी पळायला लागलो की सगळे बघतात." त्या एका वाक्याने आम्हाला वाटलेली लाज आम्ही विसरणार नाही. जे बाळसे म्हणून आम्ही मिरवले, ते त्याने दोन वर्षे शर्टाखाली लपवले होते.

तोडगा मातोश्रींनी काढला. "कोणी बघणार नाही, घरात नमस्कार घाल," त्या म्हणाल्या आणि भिंतीशी सतरंजी अंथरली. त्यांच्या वडिलांनी औंधच्या शाळेत शिकलेले दहा टप्पे त्यांना तोंडपाठ होते. पहिल्या दिवशी सहा नमस्कारांत चिरंजीवांना धाप लागली, आणि आम्हाला चारांत. कपाळ जमिनीला टेकले नाही तर आजी तो नमस्कार मोजीत नसत. महिन्याभरात बारा झाले, तीन महिन्यांत तीस. रविवारी सकाळी आम्ही दोघे आगरा तळ्याला फेरी घालू लागलो. पुढे तो शेजारच्या मुलांबरोबर बॅडमिंटन खेळायला खाली उतरला; तेव्हा आम्ही मुद्दाम खिडकीत उभे राहिलो नाही.

सगळे सरळ झाले असे नाही. परीक्षेच्या महिन्यात नेम मोडला आणि कंबर पुन्हा दोन बोटे वाढली. दिवाळीत लाडू झाले. ते बंद करावेत असे कोणास वाटले नाही, मोजून खाल्ले एवढेच. सात महिन्यांनी पुन्हा तपासणी केली. वजन तेच, ७१. पण उंची १६२, कंबर ८७, साखर ९५, ट्रायग्लिसराइड्स १३२. एका मुलाच्या आकड्यांनी शास्त्र सिद्ध होत नाही, हे आम्ही जाणतो. शिवाय तो अजून लठ्ठच आहे, आणि कदाचित थोडासा राहीलही. पण त्याचा जमाखर्च जुळू लागला आहे. मातोश्रींना हे आकडे वाचून दाखवले. त्या म्हणाल्या, "वजन कमी झालं नाही ना? मग बरं." त्यांचे समाधान आणि डॉक्टरांचे समाधान एकाच कागदावर व्हावे, असा योग क्वचितच येतो.

इतिहासाने आम्हाला एवढे शिकवले. दुष्काळाच्या मुलखाने बाळशाला देव मानले, ते त्या काळी खरे होते. तालमींनी आणि संस्थांनी दुबळ्या मुलाला बळ दिले, तेही खरे. आज मूल अन्नाने श्रीमंत आणि श्रमाने दरिद्री झाले आहे. त्याला पूर्वजांचे अन्न देऊन पूर्वजांचे श्रम न देणे हा अर्धाच वारसा होय. आपल्यासारख्या बदलीच्या नोकरांच्या मुलांना मैदान, तालीम, सोबती दर तीनचार वर्षांनी सोडावे लागतात, आणि नव्या गावी सर्वांत आधी जे भेटते ते खाद्यगृह.

आमचीही बदली पुढच्या वर्षी संभवते. सामानाची यादी सौ. आतापासूनच करू लागली आहे. कोणते कपाट विकायचे आणि कोणते न्यायचे यावर घरात मतभेद आहेत. सतरंजीविषयी मात्र नाहीत. तिला मालमोटारीत जागा लागत नाही. ती आम्ही आगगाडीत हातानेच नेणार आहोत, कारण नव्या गावी पोचल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी ती लागेल.